सुटा मोजा मिळणार नाही

१ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, "राग आला की बोलू नका, लिहून काढा. रक्तदाब खाली येईल." मोज्यांच्या कंपनीने भेट दिलेली यंदाची डायरी दुकानात वरच्या फळीवर कोरीच पडली होती, ती झटकून घेतली. आता लिहिते.

पहिला राग डॉक्टरांवर. तपासलं चुटकीसरशी आणि बाहेर ताटकळत ठेवलं अर्धी सकाळ.

दुसरा राग आमच्या ह्यांच्यावर. निवृत्त झाल्यापासून माझ्या दुकानात येऊन बसतात. गिऱ्हाईक "बघून येतो" म्हणालं की हे म्हणतात, "हो हो, घाई नाही." घाई नाही म्हटल्यावर ते कशाला परत येतंय?

तिसरा म्हटलं तर राग नाही. घरात पाहुणी आली आहे. चिरंजीवांनी एकदाचं लग्न केलं, सूनबाई आली आणि तिच्याबरोबर तिची पहिल्या लग्नाची सात वर्षांची मुलगी आली. पोरगी गुणी आहे म्हणतात. मला काय ठाऊक? चिरंजीवांना ती लग्नाआधीपासून "बाबा" म्हणते. ह्यांना आठवड्याच्या आत "आजोबा" म्हणायला लागली. मला काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहते आणि म्हणते, "अहो." अहो! ही हाक या घरात मी मारते, ह्यांना.

आता तिने मला आजी म्हटलंच पाहिजे असं काही नाही. मी आपलं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहिलं.

३ डिसेंबर

आमचं दुकान खाली, घर वर. शाळा सुटली की पाहुणी दुकानात डोकावते, ह्यांच्याकडून एक गोळी घेते आणि जिना चढून जाते. आज गेली नाही. काउंटरच्या काचेवर दोन्ही पंजे टेकवून उभी राहिली. काच मी नुकतीच पुसली होती.

"अहो, एक मोजा द्या ना. लाल आणि लांब. नाताळला टांगायला. आमचा जुना मोजा घर बदलताना हरवला."

माझ्या डोक्यावर भिंतीला पाटी आहे. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने रंगवलेली: सुटा मोजा मिळणार नाही. लोकांचा एक मोजा हरवतो आणि ते आमच्याकडे एकच मागायला येतात. तो दिला की मागे राहिलेल्या बिनजोडीच्या मोज्याला कोण विचारणार? सासूबाईंनी मला दागिना एक दिला नाही, ही पाटी दिली, आणि तिच्यावरचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. तोंडाला सवयच झाली आहे. मान वर न करता बोलून गेले, "सुटा मोजा मिळत नाही. पाटी वाच."

तिने पाटी वाचली. मोठ्याने, अक्षर लावून लावून. मग म्हणाली, "बरं," आणि गोळी न घेताच वर गेली.

उचलली जीभ लावली टाळ्याला! हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." हे म्हणाले, "हो हो." त्या "हो हो"चाच जास्त राग आला.

५ डिसेंबर

डोक्यात एक धंद्याची गोष्ट आली आहे. धंद्याचीच, दुसरं काही नाही. नाताळसाठी भरलेले मोजे विकायचे. मोजा आमचा, आत पोरांसाठी स्वस्तातल्या चिल्लर वस्तू. आणि दुकानात एवढे भरलेले मोजे असताना त्यातला एखादा घरातल्या कुणाला दिला, तर कुणी त्याचा बाऊ करायचं कारण नाही.

आत काय काय घालतात ते सूनबाईला विचारलं. तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं हिचा पगार वाढला. म्हणाली, "आई, स्वस्तातलंच हवं. शिट्टी, भोवरा, खोडरबर, रबरी चेंडू, छोटं भिंग. प्रत्येक वस्तू वेगळी कागदात गुंडाळायची. हात घालायचा, एक काढायची, पुन्हा हात घालायचा. महागाची एकच वस्तू दिली तर एका झटक्यात संपतं सगळं."

मग जाता जाता म्हणाली, "आई, तिला माणसाला हाक मारायला वेळ लागतो. मनावर घेऊ नका हं."

मी म्हटलं, "मी कशाला मनावर घेऊ? मला दुकान आहे."

७ डिसेंबर

खेळण्यांच्या ठोक व्यापाऱ्याकडे गेलो. मी, हे, आणि शाळेला सुट्टी म्हणून पाहुणी.

उभा जन्म मी मोजा पारखला तो ओढून. ताणायचा, सोडायचा, जागेवर आला की माल चांगला. हाताला दुसरं काही ठाऊकच नाही. भोवऱ्याची दोरी ओढली, तुटली. गुंडाळीची पिपाणी असते ना, फुंकली की उलगडणारी, ती ओढली. उलगडली ती परत गुंडाळेना. चावीच्या उंदराची शेपूट ओढली तर शेपूट माझ्या हातात आणि उंदीर टेबलाखाली पसार.

व्यापारी रडकुंडीला आला. "ताई, खेळणी बघायची असतात हो, ओढायची नसतात!"

मी म्हटलं, "पोरं काय बघत बसणार आहेत? घरी नेल्या नेल्या ओढणारच. तुमच्याकडे तुटलेलं बरं की माझ्याकडे?"

पाहुणी फिस्सकन हसली. माझ्याकडे बघून नव्हे, उंदराकडे बघून. पण हसली.

माल चांगला मिळाला, स्वस्त मिळाला, आणि मोडका उंदीर व्यापाऱ्याने माझ्याच गळ्यात मारला.

९ डिसेंबर

आज पहिला मोजा भरला आणि तोंडघशी पडले. दुकानातला सगळ्यात उत्तम मोजा निवडला होता, चारी बाजूंनी ताणणारा. खिळ्याला टांगला. शिट्टी टाकली, मोजा लांबला. चेंडू टाकला, आणखी लांबला. खडू, भिंग, भोवरा, जे टाकावं ते थेट तळाशी जातंय आणि मोजा आपला खाली खाली चाललाय. शेवटी टाच फरशीला टेकली आणि वर सगळा मोजा रिकामा. ह्यांनी आत तोंड घालून हाक मारली, "कोणी आहे का आत?" पाहुणीला हसून हसून उचकी लागली. मी दोघांनाही पाणी दिलं नाही. मग तिला दिलं.

संध्याकाळी सूनबाईने कामावरून येऊन उपाय सांगितला. मोजा जाड विणीचा, न ताणणारा घ्यायचा. अगदी टोकाला, बोटांच्या जागी, एक संत्रं बसवायचं. त्यावर जड वस्तू, मग हलक्या, आणि सगळ्यात वर कुणीतरी डोकावणारं हवं, बाहुली, जोकर, काहीही. "वरून कुणीतरी बघतंय म्हटल्यावर पोराला राहवत नाही, आई."

न ताणणारा मोजा! तसला माल मी लाजेखातर मागच्या खोलीत दडवून ठेवला होता. गठ्ठाच्या गठ्ठा निघाला.

१२ डिसेंबर

मोजे काउंटरवर मांडले. पहिलं गिऱ्हाईक शेजारचा न्हावी. भरलेला मोजा बघून खूश झाला, मग त्याला बांधलेला दुसरा मोजा चाचपून म्हणाला, "हा रिकामा कशाला?"

"जोडी आहे."

"पण मला मुलगा एकच आहे."

"त्याला पाय किती?"

"दोन."

"मग?"

मुकाट्याने घेऊन गेला. हे म्हणाले, "अगं, टांगायला एकच लागतो. भरलेला तेवढा सुटा विकायला काय हरकत आहे?" मी पाटीकडे बोट दाखवलं. सासूबाई असत्या तर ह्यांनी हे विचारायची हिंमत केली असती का?

पाहुणी हल्ली शाळेतून आली की स्टुलावर बसून वस्तू कागदात गुंडाळते. हात साफ आहे तिचा, कोपरे कसे टोकदार येतात. आज गुंडाळता गुंडाळता विचारते, "अहो, तो दुसरा मोजा कुणाचा?"

मी घाईत होते. म्हटलं, "ज्याला कुणी भरून देत नाही त्याचा."

थोड्या वेळाने म्हणते, "तुमचा कोण भरतं?"

"माझा? मोजेवालीला कोण मोजा देणार, बाई!"

"बरं," म्हणाली. या पोरीचं "बरं" मला अजून उमगलेलं नाही.

१५ डिसेंबर

दुकानात चोरी होते आहे. परवा निळी शिट्टी गेली, काल एक भिंग, आज उड्या मारणारा चेंडू. मला वाटलं उंदीर असतील. पण उंदीर भिंगाचं काय करणार? आणि आमचा बिनशेपटीचा उंदीरही गायब आहे.

संशय ह्यांच्यावर होता. दबकत मागच्या खोलीत गेले तर हे पोत्यावर बसून यो-यो खेळत होते. वयाला शोभतं का? मी म्हटलं, "शिट्टी काढा." म्हणाले, "शप्पथ, मी फक्त यो-यो घेतला." मी म्हटलं, "आणि भिंग?" तर म्हणतात, "तूच कुठेतरी ठेवून विसरली असशील." चोराच्या उलट्या बोंबा!

पाहुणी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्यासमोर आजोबांची अशी शोभा व्हायला नको होती. वाईट वाटलं.

१७ डिसेंबर

दुपारी पाहुणी दुकानात आली ती तोंड उघडं ठेवूनच.

"अहो, तुम्ही सगळं ओढून बघता ना? हा बघा."

खालचा पुढचा दात. एका धाग्यावर लोंबकळल्यासारखा हलत होता.

"अगं, आईला सांग."

"आई डोळेच मिटून घेते. बाबा बाहेर निघून गेले. आजोबा म्हणाले, घाई नाही."

आली का पंचाईत! मोजा ओढणं निराळं आणि माणसाचा दात ओढणं निराळं. पण ती तोंड उघडून उभी, आणि घरात ओढणारी म्हणून ख्याती माझी. हात स्वच्छ धुतले. धुतलेला रुमाल घेतला. मीच घाबरले होते, ते तिला कळू नये म्हणून ओरडले, "इकडे तिकडे बघू नकोस. पाटी वाच."

तिने माझी बाही दोन्ही मुठींत धरली आणि वाचायला लागली, "सुटा मोजा..." तेवढ्यात दात बाहेर! तरी गप्प नाही झाली. रुमाल तोंडात, तशीच पुढे, "मिळणार नाही." पाटी संपवूनच थांबली.

तिने दात धुतला, चमकीच्या कागदात गुंडाळला आणि स्वतःच्या खिशात घातला. माझी बाही इतकी ताणली गेली की जागेवर आली नाही. असू दे.

१९ डिसेंबर

आता हद्द झाली. भरायला घेतलेल्या वस्तूंतून रंगीत खडूंची पेटीच नाही! मी दुकानाच्या मधोमध उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "चोर कोण आहे ते मला कळलंय." काही कळलं नव्हतं, पण असं म्हणायचं असतं. "सापडू दे एकदा, तंगडं तोडून हातात देते की नाही बघा!"

हे म्हणाले, "मग त्याला सुटा मोजा द्यावा लागेल."

रक्तदाब कसा उतरायचा माझा? पाहुणीचं निदान लक्ष कामात होतं. म्हणाली, अभ्यास आहे, आणि वर गेली.

२१ डिसेंबर

दोन दिवस पाहुणी दुकानात फिरकली नाही. दात काढल्यामुळे ठणकत असेल. कोमट पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या तर माझ्याकडे न बघताच मान हलवली. जेवतानाही पाय पोटाशी घेऊन बसते.

चोरी मात्र त्या दिवसापासून बंद. याला म्हणतात धाक.

स्टूल रिकामं आहे. कागद मी गुंडाळते, कोपरे काही तसे येत नाहीत.

२२ डिसेंबर

पाहुणीला एक आजी आहे, फोनवरची. सूनबाईची आई. लांब राहते. फोन वाजला की पोरगी "आजी, आजी" करत घरभर नाचते. आज तिचं पार्सल आलं. खोकं एवढं मोठं की जिन्यात अडकलं. आत बोलणारी, रडणारी, डोळे फिरवणारी बाहुली. ती बाहुलीसुद्धा पहिल्याच मिनिटाला मला "हॅलो, आजी" म्हणाली. बॅटरीवर.

आमच्या खोडरबराला आणि शिट्टीला आता कोण विचारतंय?

डॉक्टरांनी लिहायला सांगितलंय तर खरं ते लिहिते. मला ती हाक हवी आहे. तिच्या तोंडून हवी आहे. बाकी सगळ्यांना ती हक्काची माणसं करून मोकळी झाली आणि मी आपली अजून गिऱ्हाइकाच्या रांगेत उभी आहे. याच बाईने तिला एक मोजा नाकारला होता, तर ती तरी काय करणार? स्वयंपाकघरात जाऊन रडले. ह्यांनी विचारलं, तर "बाहुली फार मोठ्याने बोलते, डोकं दुखलं" म्हणून सांगितलं.

लिहून झालं. रक्तदाब तिथेच आहे.

२४ डिसेंबर

मोजे झाडून सगळे खपले. एक जोडी मी आधीच बाजूला काढली होती, त्यातला एक मोजा दार लावून घेऊन स्वतः भरला. टोकाला संत्रं, वर जोकर. संध्याकाळी सगळ्यांसमोर खिडकीला टांगला आणि रिकामा जोडीदार तिच्या हातात दिला. मी म्हटलं, "हे घे. सुटा मिळत नाही."

तिने तो उलटापालटा केला. "हा पण माझाच? मी याचं काहीही करू?"

"कर की. तुझाच आहे."

"तुम्ही रागावलात तरी?"

"मी कशाला रागावू? मी कधी रागावते का?"

चिरंजीव, सूनबाई आणि हे, तिघंही एकदम छताकडे बघायला लागले. पाहुणी म्हणाली, "बरं."

२५ डिसेंबर

सकाळी तिने मोजा काढला आणि मांडी घालून बसली. जोकर बाहेर काढला, दोन्ही हातांनी ओढला, सोडला, म्हणाली, "चांगला आहे." मग भोवरा. ओढला. "चांगला आहे." एकूण एक वस्तू तशीच. सूनबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. माल असाच बघायचा असतो.

चष्मा दुकानात राहिला होता म्हणून खाली गेले. काउंटरमागे खिळ्याला मी चष्मा अडकवते. तिथे चष्म्यावर लाल मोजा टांगलेला होता आणि त्यातून आमचा बिनशेपटीचा उंदीर माझ्याकडे बघत होता.

मी तिथेच स्टुलावर बसले. हात घातला, एक काढली, पुन्हा हात घातला. निळी शिट्टी. चेंडू. भिंग. खडूंची पेटी. सगळ्यांचे कोपरे टोकदार. टोकाला बोटांच्या जागी संत्र्याऐवजी काहीतरी इवलंसं, चमकीच्या कागदात. उघडलं तर दात.

वर बघितलं तर ती जिन्यात शेवटच्या पायरीवर उभी. पुढे येत नव्हती.

"मी चोर नाही," म्हणाली. "तुमच्याच वस्तू आहेत, तुम्हालाच दिल्या. दात तेवढा माझा आहे." मग एक पाय दुसऱ्यामागे लपवत म्हणते, "तंगडं तोडणार?"

अगं माझे बाई! पाच दिवस लेकरू पाय पोटाशी घेऊन जेवत होतं ते यासाठी, आणि मी तिला गुळण्या सांगत बसले. तिला ओढून जवळ घेतलं आणि रडले, चांगली हुंदके देऊन. तिला काय करावं सुचेना. शेवटी शिट्टी माझ्या हातात देऊन म्हणाली, "अहो, वाजवून बघा."

वाजवली. हे वरून धावत आले, त्यांना वाटलं पोलीस आले.

तेव्हाही ती अहोच म्हणाली. माझी हरकत नाही. आहे थोडीशी. पण दात आजीलाच देतात असं कुठे आहे? मला मिळाला, पुरे.

२८ डिसेंबर

नाताळ सरला, दुकान थंड. दुपारी मी शिडीवर चढून रिकामी खोकी वर लावत होते. मागे दाराशी टकटक ऐकू आलं. वळून बघते तर कुबडी घेतलेला एक गृहस्थ, एक पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये.

"एकच मोजा मिळेल का हो?" म्हणाला. "या पायात काही चढत नाही. उगाच जोडी कशाला घेऊ?"

बिचाऱ्याची अवस्था बघून पहिल्यांदाच माझी जीभ अडखळली. सासूबाई, माफ करा, देऊनच टाकते म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात खालून आमच्या नातीचा आवाज आला. स्टुलावर गुडघे टेकून, काचेवर दोन्ही पंजे.

"काका, पाटी वाचा. माझ्या आजीकडे सुटा मोजा मिळत नाही."

माझ्याकडे वळूनही बघितलं नाही तिने. जसं काही रोजच म्हणते.

काका म्हणाले, "अगं, पण दुसऱ्याचं मी काय करू?"

"तो पाय बरा होणार आहे ना? मग?"

मी शिडीच्या पायरीवरच बसले. हातातलं खोकं खाली पडलं, पडू दिलं. डोळ्यांना धड दिसत नव्हतं आणि चष्मा खाली खिळ्याला.

हे खालून म्हणाले, "अगं, उतर ना, गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी म्हटलं, "ती आहे ना तिथे. मला जरा बसू द्या. घाई नाही."